अकरा मिनिटं थांबलेली बस

माझ्या सासूबाईंनी लग्नानंतर मला मनगटाला बांधायला एक काळा दोरा दिला होता. बाहेरचं काही लागू नये म्हणून. तो मी आठ दिवसांत बाजरीच्या पिठाच्या पिशवीचं तोंड बांधायला वापरला. त्यावरून काय ते समजा. भुताखेताच्या गोष्टी कुणी काढल्या की मी उठून चहा टाकायला जाणारी बाई. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं वाचून तुम्ही म्हणाल, दुःखानं म्हातारीचं डोकं फिरलंय. फिरलं असेलही. पण त्या ड्रायव्हरचं तर नव्हतं ना फिरलं?

मुग्धा, माझी मुलगी, म्हणाली, "आई, तू रोज तेच तेच सांगतेस. एकदा लिहून काढ आणि ग्रुपवर टाक. मन हलकं होईल." मन काही हलकं होत नाही, पण लिहिते. मोबाईलवर बोटानं लिहितेय, चुकलं माकलं सांभाळून घ्या.

मी मूळची कराडची, वय सदुसष्ट. २०२० च्या मार्चमध्ये मुग्धाच्या बाळंतपणासाठी आयर्लंडला आले. मुग्धा आणि जावई निखिलराव दोघंही कॉम्प्युटरमधले, घर ओंगारला – डब्लिनच्या पश्चिमेची नवी वस्ती. सगळी घरं एका साच्यातून काढलेल्या इडल्यांसारखी. पहिले पंधरा दिवस मी दाराचा रंग बघून घर ओळखायची.

आमचे हे मागाहून मे महिन्यात येणार होते. हे म्हणजे माझे यजमान. एसटीत वाहतूक नियंत्रक होते, म्हणजे स्टँडवरचे कंट्रोलर. काचेच्या खोलीत बसून माईकवरून गाड्या पुकारायच्या, ड्रायव्हर-कंडक्टरच्या कागदांवर वेळ घालून सही करायची, आणि वेळ झाली की बाहेर येऊन हात वर करून गाडी सोडायची. चौतीस वर्षं. त्यांच्या खोलीत स्वित्झर्लंडचं एक जुनं कॅलेंडर होतं. बर्फाचे डोंगर, खाली दरी, दरीत तळं, तळ्याकाठी एक इवलीशी लाल आगगाडी. वर्ष संपलं तरी ते पान यांनी काढलं नाही. म्हणायचे, "रिटायर झालो की हे बघायचं. गाडीनं." स्वित्झर्लंड काही आमच्या खिशातलं नव्हतं. पण मुग्धा आयर्लंडला गेल्यावर यांनी शोध लावला – दऱ्या तिथेही आहेत, तळीही आहेत!

निखिलराव म्हणाले, "बाबा, मी नेतो ना कारनं सगळीकडे."

तर हे म्हणाले, "कारमधून माणूस पार्सलसारखा पोचतो. प्रवास टाईमटेबलनं करायचा असतो."

आणि मग काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. मी आले आणि दहा-बारा दिवसांत सगळं जग बंद झालं. एप्रिलमध्ये ईरा जन्मली. मे महिन्यातलं यांचं विमान रद्द झालं. मग जूनमधलं झालं, मग तारखाच येईनात. हे कराडला एकटे, मी इथे.

तेव्हापासून रोजचा एक फोन. तिकडे रात्री साडेनऊला, जेवण झालं, ताट घासून ठेवलं की. वेळेचा माणूस. साडेनऊ म्हणजे साडेनऊ. आणि फोनवर काय, तर टाईमटेबल! घरी बसून मोबाईलवर इथल्या बसगाड्या, आगगाड्यांच्या वेळा शोधायच्या आणि मला वहीत उतरवून घ्यायला लावायच्या.

"लिही. क्लॉन्सिला स्टेशन, आठ चाळीस."

"अहो थांबा जरा, ईरा रडतेय."

"रडू दे. गाडी चुकेल."

"कुठली गाडी? अजून तुमचं विमान उडत नाहीये!"

"उडेल तेव्हा उडेल. वही तयार पाहिजे."

अशी ती वही भरली. तीन प्रवास. पहिला मलिंगार – आगगाडीनं, गावाबाहेर मोठं तळं. दुसरा लिमरिकपर्यंत आगगाडी आणि पुढे बसनं किलालू. तिसरा ग्लेनडालॉक, विकलोच्या डोंगरातली बर्फानं कोरलेली दरी, तिच्यात एकापुढे एक दोन तळी. त्यापुढे यांनी मला कंसात लिहायला लावलं होतं – "कॅलेंडरसारखं."

मधल्या काळात मी परत जाऊ शकले असते का? हो. २०२० च्या पावसाळ्यात एक विमान मिळत होतं. पण मुग्धाची रजा संपत होती, ईराला बघायला कुणी नाही. हेच म्हणाले, "राहा, पोरीची अडचण बघ. मी काय लहान आहे?" मी राहिले. त्यात नातीचा मोहही होता, खोटं कशाला बोलू.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला चार दिवस लागले.

मार्च २०२१. शनिवारच्या फोनवर हे टाईमटेबलचं काही बोललेच नाहीत. एकदम म्हणाले, "केव्हा येतेस?"

मी दिवसभर थकलेली. ईराला दात येत होते, रात्रभर झोप नाही. मी खेकसले, "मी काय इथं हौसेनं राहिलेय? विमानं आहेत का धड? आणि हिला कोण सांभाळेल, तुम्ही?"

त्यांनी फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, इथली घड्याळं पुढे गेली. इथे तशी पद्धत आहे – मार्चअखेर घड्याळ एक तास पुढे करतात, ऑक्टोबरात मागे. आपल्याकडे तसलं काही नाही. हिवाळाभर यांचा साडेनऊचा फोन मला चारला येत असे. आता तो पाचला येणार होता. निखिलरावांनी सकाळीच भिंतीवरचं घड्याळ पुढे केलं होतं, मला सांगितलंही होतं. मी पोळ्या लाटत होते, "हो हो" म्हणाले आणि डोक्यातून गेलं.

चार वाजले. फोन नाही. सव्वाचार, साडेचार. मला वाटलं, रुसलेत. कालचा राग. माझाही पारा चढला... रुसू देत, म्हटलं, मी नाही करायची. मोबाईल चार्जिंगला ओट्यावर ठेवला आणि ईराला बाबागाडीत घालून फिरायला गेले. मुद्दाम लांब गेले. मुद्दाम.

परत आले तेव्हा मोबाईलवर त्यांचे सहा मिस्ड कॉल. पहिला बरोबर पाचचा.

मी घड्याळाकडे बघितलं आणि लक्षात आलं. तिकडे अकरा वाजून गेले होते. म्हटलं, झोपले असतील, उद्या करू. उद्या!

यांना तीन दिवस ताप होता. मला सांगितलं नव्हतं. "केव्हा येतेस" एवढंच विचारलं होतं, आणि त्याचा अर्थ मला लागला नाही. त्या रात्रीच दम लागला, पुतण्या विकासनं दवाखान्यात नेलं. फोन घरीच राहिला. आत नातेवाइकांना सोडत नव्हते, मग तोंडावर नळ्या... नवव्या दिवशी गेले. विकासला स्मशानात लांब उभं केलं होतं. त्यानं व्हिडिओ कॉल लावला, पण त्याचा हात इतका थरथरत होता की मला नुसतं आभाळ दिसलं. कराडचं पांढरं आभाळ आणि कुणाचे तरी आवाज. बेचाळीस वर्षांच्या संसाराचा निरोप असा झाला.

विकास म्हणाला, "काकू, आता येऊन काय करणार? येऊ नका, इथं फार वाईट चाललंय." दहावं-तेरावंही मोबाईलवरच पाहिलं. माझ्या मनात एकच किडा वळवळत राहिला – त्या सहा कॉलमध्ये त्यांना काय सांगायचं होतं? आणि मी फोन उचलत नाही म्हटल्यावर त्यांना काय वाटलं असेल? रागावून गेले का माझ्यावर? मला दुसरं काही नको होतं हो. एकदा बोलायचं होतं. पाच मिनिटं. घड्याळाचं सांगायचं होतं.

जुलैत इथले निर्बंध सैल झाले. एक दिवस मी वही काढली आणि मुग्धाला म्हटलं, "मी जाणार आहे. यांनी लिहून दिलंय तसंच. एकटी."

"आई, एकटी? तुझा गुडघा? तुला गाडी लागते! थांब, निखिल नेईल ना."

"पार्सल नको," मी म्हटलं. तिला पटकन रडू आलं. मग तिनं तिकिटं काढून दिली.

मलिंगारला गेले. तळ्याकाठी बाकावर बसून थालीपीठ खाल्लं. शेजारच्या बाकावरच्या आजीबाई म्हणाल्या, "ग्रँड डे." मी म्हटलं, "ग्रँड." इथे हा एक शब्द आला की माणसाचं भागतं. त्यानंतर आम्ही दोघी तासभर पाण्याकडे बघत बसलो. मला वाटतं त्याही एकट्याच होत्या.

मग किलालू. नदीवर जुना दगडी पूल, पुलाच्या या टोकाला एक गाव आणि त्या टोकाला दुसरं, वर तळं नुसतं समुद्रासारखं. पूल इतका अरुंद की एका बाजूच्या गाड्या थांबतात तेव्हा दुसऱ्या बाजूच्या येतात. कंट्रोलर नाही, शिट्टी नाही, नुसता दिवा. हे असते तर अर्धा दिवस त्या पुलावरच उभे राहिले असते. मी त्यांच्या वतीनं वीस मिनिटं उभी राहिले. वहीत लिहिल्यापेक्षा परतीची बस चार मिनिटं उशिरा आली, तेही मी शेजारी लिहून ठेवलं. सवय!

या दोन्ही वेळा काहीही विचित्र घडलं नाही. हे मुद्दाम सांगते. मी काही शोधत फिरत नव्हते.

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात, एका रविवारी, ग्लेनडालॉकला गेले. मुग्धानं मला डब्लिनच्या मधल्या स्टॉपवर बसमध्ये बसवलं. तोंडाला मास्क, एकाआड एक सीटवर बसायला मनाई. दीड तासाचा रस्ता, शेवटी नुसती वळणं. मी पुढच्या सीटवर आल्याची वडी चघळत बसले होते. परतीची बस संध्याकाळी साडेपाचला, आणि ती शेवटची.

दरी... काय सांगू. दोन्ही बाजूंना काळपट उभे डोंगर, वरून एक पांढरी धार पडत होती, आणि मध्ये ते वरचं तळं. काळंभोर, वारा नसताना काचेसारखं. लाल आगगाडी तेवढी नव्हती. मी एका दगडावर बसले, वही उघडली आणि "कॅलेंडरसारखं" हा शब्द बघितला. माझंच अक्षर, पण आवाज त्यांचा. मग मी जी रडायला लागले ती थांबेचना. दवाखान्याच्या नऊ दिवसांतही इतकी रडले नव्हते. घरात ईरा असते, रडायचं कुठे?

सावरून घड्याळ बघितलं तर पाच वाजून दहा मिनिटं. आणि मला वाटत होतं बस वरच्या तळ्याच्या वाहनतळावरून सुटते. तिथे जाऊन विचारलं तर एक मुलगी म्हणाली, "नाही, बस खाली, जिथे तुम्ही उतरलात तिथेच." म्हणजे अर्धा कोस लांब. माझा उजवा गुडघा म्हणजे... चालले, जमेल तशी चालले. मध्ये दोनदा कुंपणाला धरून उभी राहिले. साडेपाच वाजले तेव्हा खालचं तळंसुद्धा अजून मागे पडलं नव्हतं. बस गेली, हे मी धरूनच चालले होते. मुग्धाला फोन लावावा तर दरीत रेंज नाही.

वळणावर आले आणि बघते तर बस उभी! इंजिन सुरू, दार उघडं. माझ्या घड्याळात पाच एकेचाळीस.

ड्रायव्हर साठीचा, टक्कल पडलेला, अंगानं जाड. मला बघून त्यानं हात हलवला. तो जे म्हणाला ते माझ्या मराठीत सांगते. दीड वर्षात टीव्ही आणि ईराला तपासायला येणाऱ्या नर्सबाई यांच्या कृपेनं मला इंग्रजी समजतं बऱ्यापैकी. मुग्धा इथल्या लोकांसारखं कपाटाला "प्रेस" म्हणते तेसुद्धा आता समजतं.

"या, या, सावकाश. घाई नाही. ते म्हणालेच होते तुम्ही येताय."

मी दांड्याला धरून धापा टाकत होते. विचारलं, "कोण?"

"तुमचे मिस्टरच असणार ना? मला वाटलं तसं. गाडी काढणार तेवढ्यात खिडकीशी आले." मग त्यानं आवाज बदलून नक्कल केली, चेष्टेनं नाही, कौतुकानं. "'ड्रायव्हर. वन लेडी पॅसेंजर इज कमिंग. होल्ड.' मी म्हटलं, साहेब, माझी वेळ झालीय. तर म्हणाले, 'नी इज बॅड. गिव्ह फ्रंट सीट. व्हॉमिटिंग टेंडन्सी.' आणि म्हणाले, उशीर माझ्या नावावर लिही. असं मला आजवर कुणी म्हटलं नव्हतं हो! मग थांबलो."

माझ्या हातातली पिशवी खाली पडली.

"दिसायला कसे?" मी कसंबसं विचारलं.

"मास्क होता. वयस्क. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट. मी विचारलंसुद्धा, थंडी नाही का वाजत? आणि इथे," त्यानं स्वतःच्या मानेवर मागे हात ठेवला, "कॉलरमध्ये रुमाल खोचलेला. घडी करून."

तुम्हाला आता सांगते. उन्हाळा असो, थंडी असो, हे ड्युटीवर निघाले की मानेमागे कॉलरला घामासाठी रुमाल. रिटायर झाल्यावरसुद्धा. आणि माझ्या उलट्यांना "व्हॉमिटिंग टेंडन्सी" हा शब्द जगात एकाच माणसानं वापरला. प्रत्येक प्रवासात कंडक्टरला सांगायचे, मी लाजेनं अर्धी व्हायची. गाडी उशिरा सुटली तर कागदावर कारण लिहायचं आणि ज्यानं थांबवली त्यानं सही करायची, हा त्यांच्या नोकरीतला नियम. पण चौतीस वर्षांत यांनी तशी सही एकदाही केली नव्हती! आमदाराच्या मेव्हण्यासाठी गाडी थांबवली नाही. मुग्धा आठ महिन्यांची असताना मी तिला कडेवर घेऊन माहेरी जायला धावत स्टँडवर आले, तर माझ्या डोळ्यांदेखत हात वर करून गाडी सोडली. मग खोलीतून बाहेर आले, हातात चहा. "पुढची साडेतीनला आहे. बस. चहा घे." मी दोन महिने तेच ऐकवत होते. तर म्हणायचे, "कंट्रोलरच्या बायकोनं गाडी अडवायची नसते. आत लोक खोळंबतात."

तो माणूस माझ्यासाठी गाडी थांबवेल?

मी पायरीवर तशीच उभी. ड्रायव्हर म्हणाला, "अँड हिमसेल्फ? इज ही नॉट कमिंग?" इथे बायकोशी बोलताना नवऱ्याला "हिमसेल्फ" म्हणतात. आपण "हे" म्हणतो ना, अगदी तसं. म्हणाला, "येणार असतील तर अजून पाच मिनिटं देतो. एवढं थांबलोच आहोत."

बसमध्ये आठ-दहा जण होते. एका बाईनं मनगटावरचं घड्याळ बघितलं. मागून कुणीतरी उसासा टाकला.

मी म्हणाले, "नो, नो. यू गो. प्लीज गो."

पुढची सीट मोकळी ठेवलेली होती. बसले. दार बंद झालं, बस निघाली. मी समोर रस्त्याकडेच बघत होते, कारण मागे वळून बघितलं की मला लगेच मळमळतं. आणि वळणांवर मला गाडी लागली नाही.

घरी सांगितलं. निखिलराव म्हणाले, "आई, कुणीतरी दुसरे इंडियन काका असतील. हल्ली खूप पालक येतात. त्यांनी तुम्हाला लंगडताना बघितलं असेल." मी म्हटलं, असेल बाबा. मलाही तसंच हवं होतं. खरंच सांगते, दुसरे काका असते तर मला बरं वाटलं असतं, ते का ते पुढे कळेल.

पुढच्या रविवारी मुग्धा मला घेऊन परत गेली. पार्सल होऊन, कारनं. साडेपाचच्या बसला तोच ड्रायव्हर. त्यानं मला लगेच ओळखलं. मुग्धानं मोबाईलवर यांचा फोटो दाखवला. त्यानं चष्मा लावून बराच वेळ बघितला.

"शपथेवर नाही सांगता येणार, लव्ह," तो म्हणाला; इथे कुणालाही लाडानं असं म्हणतात. "मास्क होता ना. पण शर्ट हाच. आणि उभं राहणं हेच, असं ताठ."

मुग्धानं विचारलं, "मग ते गेले कुठे? चालत गेले? त्यांची गाडी होती?"

"कुठे जातील? तिथेच होते की." त्यानं स्टॉपच्या खांबाकडे बोट केलं, जिथे बसच्या वेळांचा तक्ता लावलाय. "मी तुमच्या आईशी बोलत होतो तो सगळा वेळ तिथे उभे होते, मागच्या दाराच्या जरा पलीकडे. म्हणून तर विचारलं, येतायत का. त्या 'जा' म्हणाल्या. मी आरशात बघितलं, तर त्यांनी हात वर केला. असा." आणि त्यानं हात उचलला, कोपर सरळ, तळवा पुढे. "डेपोत गाडी सोडताना करतात ना, तसा. मला वाटलं, कुणीतरी आमच्याच धंद्यातला माणूस आहे. मग मी निघालो."

मुग्धानं माझा दंड घट्ट धरला. तिनंही लहानपणी तो हात शेकडो वेळा बघितला होता.

आम्ही त्या खांबापाशी जाऊन उभ्या राहिलो. तिथे काही नव्हतं. तक्ता होता, ओलं गवत होतं. बस गेली. ऊन डोंगरामागे गेलं तसं मुग्धा म्हणाली, "चल आई." मी आले नाही तेव्हा तिनं दोनदा म्हटलं.

आता तुम्ही ग्रुपवर विचाराल, स्पष्टीकरण काय? माझ्याकडे नाही. निखिलराव अजून इंडियन काकाच म्हणतात. मुग्धा म्हणते, "बाबा रागावले नव्हते हे सांगायलाच आले होते, आई. रागावलेला माणूस बस थांबवेल का?" बरोबर आहे तिचं. मी मान डोलावते. मेलेली माणसं बसस्टॉपवर येतात की नाही, हे मला आजही ठाऊक नाही, आणि तुम्ही नाही म्हणालात तर मी वाद घालणार नाही.

मला न सुटलेलं कोडं वेगळंच आहे. पाच महिने मी एकच मागणं मागत होते – पाच मिनिटं. त्यांच्याशी बोलायला पाच मिनिटं. त्या दिवशी एका परक्या माणसानं ती माझ्या हातावर ठेवली. हे बारा पावलांवर उभे होते. मी नुसतं मागे वळायचं होतं, पायरी उतरायची होती. आणि मी काय म्हणाले?

लोक खोळंबले होते हो. आठ-दहा जण होते बसमध्ये. एका बाईनं घड्याळ बघितलं, म्हणून मी म्हणाले, जा.